हॅनोव्हरच्या हॉलमधली नदी

मी एक जुनी नदी आहे. हसू नका, मित्रांनो. सिमेंट, वाळू आणि प्लायवूडची का असेना, पण मी नदीच आहे. एके काळी माझी लांबी तीस मीटर होती. आता जेमतेम तीन मीटर उरली आहे, आणि तीही चाकं लावलेल्या एका लोखंडी सांगाड्यावर. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात पाण्याचे प्रयोग करणारी एक संस्था आहे. तिच्या मोठ्या हॉलमध्ये, कॉफीच्या यंत्राशेजारी मला लोटून ठेवलं आहे. येणारा-जाणारा खुशाल माझ्या काठावर कप टेकवतो. आजच्या घडीला माझ्या अंगावर कॉफीचे सात गोल डाग आहेत. पण डागांचं रडगाणं गाण्यासाठी मी तुम्हांला जवळ बोलावलेलं नाही.

खरी नदी कॅनडाच्या एका प्रांतात, पार उत्तरेला वाहते. प्रांताचं नाव सांगणार नाही आणि नदीचंही नाही. करारात तशी अट आहे, आणि मी पडले जर्मनीत घडलेली वस्तू. करार मोडणं माझ्या सिमेंटातच नाही. इथे सगळे मला ‘एकशे चौदा’ म्हणत, कारण माझ्या प्रकल्पाचा तो क्रमांक होता. नदीला आकड्याने हाक मारतात हे ऐकून तुम्हांला वाईट वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, मग सवय झाली.

माझा जन्म का झाला ते आधी सांगते. त्या प्रांताच्या दक्षिणेला शहरं आहेत आणि उत्तरेला जंगलं, तळी आणि लहान लहान वस्त्या. शहरांना वीज मिळे ती एका जुन्या कोळशाच्या केंद्रातून, आणि ते केंद्र आता थकलं होतं. उत्तरेला निकेलची खाण उघडायची होती, तिथवर बारमाही रस्ता न्यायचा होता, तरुणांना कामं द्यायची होती. या सगळ्याला वीज हवी. कुणी म्हणे, कोळशाचंच केंद्र डागडुजी करून चालवा. कुणी म्हणे, लांबून नळाने गॅस आणा. कुणी म्हणे, उत्तरेच्या नदीवर धरण बांधा. बरीच वर्षं भांडून झाल्यावर धरणाचं पारडं जड झालं. पण नदीला अडवलं की ती काय करेल, हे आधी बघावं लागतं. खऱ्या नदीवर असा प्रयोग करता येत नाही. म्हणून हॉलमध्ये तिची धाकटी बहीण बनवतात. ती मी.

दोन हजार एकच्या वसंतात सुतारांनी मला घडवायला घेतलं. खऱ्या नदीचे साठ मीटर म्हणजे माझा एक मीटर. प्लायवूडच्या फळ्या नदीच्या तळाच्या आकारात कापून एकामागे एक उभ्या केल्या, मध्ये वाळू ठासली, वर सिमेंटचा थर दिला आणि त्यावर बोराएवढे खडे एकेक करून चिकटवले. जर्मन माणसं दाढी करतानाही इतका वेळ घेत नसतील. काम झाल्यावर त्यांनी माझ्या प्रत्येक वळणावर मोजपट्टी धरली. दोन मिलिमीटर चूक निघाली, तर तेवढा काठ फोडून पुन्हा केला. मला त्याचा राग आला नाही, उलट अभिमान वाटला. मी खोटं बोलूच शकणार नाही, अशी त्यांनी माझी घडण केली होती.

माझ्या मध्यावर डावीकडे एक मोठं वळण होतं. त्या वळणाच्या काठावर खऱ्या नदीजवळ एक वस्ती होती. तिच्यातली अकरा घरं अगदी खालच्या अंगाला, पाण्याशेजारी होती. सुतारांनी तिथे अकरा लाकडी ठोकळे ठेवले. आज माझा जो तुकडा उरला आहे, तो हाच.

आणि माझा माणूस होता सुगत गजभिये. चौतीस वर्षांचा, भंडाऱ्याचा, अंगाने सडपातळ, बोलायला मऊ. प्रयोग त्याच्या हाती होते. पंप सुरू करायचा, पाण्याची उंची मोजायची, रंगीत पाणी सोडून प्रवाहाचे फोटो काढायचे, हे सगळं तोच करी. जर्मन लोकांना त्याचं आडनाव काही केल्या जमत नसे, म्हणून प्रत्येक जण आपापल्या परीने ते मोडून घेई. त्याचे वडील पाटबंधारे खात्यात मोजणीची साखळी ओढणारे मजूर होते. साहेब बांधावर उभे असले की साहेबांच्या आधी तोंड उघडायचं नाही, जे दिसेल ते त्यांच्या कानावर घालायचं, चारचौघांत ते साहेबच सांगतील, ही शिस्त वडिलांनी आयुष्यभर पाळली आणि मुलाच्याही अंगात भिनवली. माझ्या काठावर बसून डबा खाताना सुगत वडिलांच्या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगायचा. ऐकायला मीच असे.

माझे ते दिवस फार चांगले गेले. पाणी सोडलं की मी जिवंत होत असे. माझा एक तास म्हणजे खऱ्या नदीचे पावणेआठ तास, त्यामुळे सकाळच्या कॉफीपासून दुपारच्या जेवणापर्यंत मी दीड दिवस जगून घेई. धरणाचे दोन आराखडे तपासायचे होते. आराखडा ‘अ’मध्ये वळणाखालची डावी उपधारा मोकळी राहत होती, पण भिंत लांब पडत होती आणि बांधायला एक हंगाम जास्त लागत होता. आराखडा ‘ब’मध्ये ती उपधारा दगड भरून बंद होत होती. भिंत आखूड, काम लवकर. उन्हाळ्यातले पूर मी दोन्ही आराखड्यांत बिनबोभाट वाहून नेले. संस्थेचे प्रमुख डॉक्टर टीडेमान यांनी माझ्या काठावर हात ठेवून “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे अगदी बरोबर, असं दोनदा म्हटलं. ते स्तुतीच्या बाबतीत फार हात आखडता घेणारे गृहस्थ होते. त्यांच्याकडून दोनदा गेनाऊ मिळणं ही मोठी गोष्ट होती.

गाडं अडलं ते एका फोटोवरून. कॅनडाहून आलेल्या कागदांत वसंतातल्या नदीचा एक फोटो होता. नदीवरचा बर्फ फुटून त्याच्या लाद्या काठावर एकीवर एक चढल्या होत्या, घर बदलताना सामान रस्त्यावर टाकावं तशा. हॉलमधल्या इतरांनी तो फोटो पाहिला आणि पान उलटलं. थंड देशातली माणसं ती, त्यांना बर्फाचं काय अप्रूप. सुगतने मात्र जर्मनीत येईपर्यंत पाणी गोठलेलं फक्त कुल्फीच्या गाड्यावर पाहिलं होतं. त्याने तो फोटो खिडकीपाशी नेऊन खूप वेळ पाहिला आणि टीडेमानांना विचारलं, “हेर डॉक्टर, हा बर्फ धरण झाल्यावर कुठून जाणार?”

“बर्फ आपल्या कामात नाही,” टीडेमान म्हणाले. “आउफट्रागमध्ये, म्हणजे करारात, फक्त पाणी आहे. बर्फाचा हिशेब त्यांचे लोक करतात, असं त्यांनी लिहिलंय.”

“मी माझ्या वेळात एक चाचणी करून पाहू का?”

टीडेमानांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “करा. पण शनिवारी. रविवारी पंपाचा आवाज झाला, तर शेजारचे लोक पोलिसांना बोलावतील.”

मग सुगतने एक विशिष्ट पांढरं प्लॅस्टिक आणलं. ते पाण्यावर बर्फाइतकंच तरंगे. त्याचे तक्ते घरी नेऊन त्याने आणि त्याच्या बायकोने, धम्मदीपाने, स्वयंपाकघराच्या टेबलावर हजारो तुकडे कापले. धम्मदीपा इथल्याच एका संशोधन संस्थेत रक्ताच्या आजारांवर काम करी. तिचा हात बारीक कामाला सरावलेला होता आणि जीभही. पहिल्या शनिवारी ती दोन पिशव्या भरून तुकडे घेऊन स्वतः हॉलमध्ये आली. माझ्याकडे बघून म्हणाली, “हीच का तुमची दुसरी बायको?” मला ती लगेच आवडली.

सुगतने पंप लावला आणि वरच्या टोकाला तो पांढरा बर्फ माझ्या पाण्यात सोडला. आराखडा ‘अ’ होता तेव्हा बर्फ वळणावर जरा थबकला, मग डाव्या उपधारेतून खाली निघून गेला. मग त्याने उपधारा बंद करून आराखडा ‘ब’ लावला. मित्रांनो, ते आठवलं की अजूनही माझ्या सिमेंटला शहारा येतो. बर्फ भिंतीला येऊन थांबला, त्याच्यामागे आणखी आला, खाली घुसला, वर चढला. माझा श्वास कोंडला. मी पाण्याला वाट देण्यासाठी धडपडले, पण माझी वाट तर माणसांनी बुजवली होती. पाणी मागे फिरलं, वळणापाशी चढत गेलं आणि काठ ओलांडून आत शिरलं. अकरा ठोकळे आधी भिजले, मग तरंगले. चार सेंटिमीटर पाणी चढलं होतं. खऱ्या नदीवर ते अडीच मीटर होणार होतं, आणि त्याच्यासोबत दाराएवढ्या बर्फाच्या लाद्या येणार होत्या.

सुगतने पंप बंद केला. मग त्याने ते ठोकळे पुसून पुन्हा जागेवर ठेवले आणि पुन्हा चाचणी केली. पुढच्या शनिवारी केली, त्याच्या पुढच्या शनिवारी केली. मी तिन्ही वेळा तेच दाखवलं. मला दुसरं काही दाखवता येत नव्हतं.

ऑक्टोबरात कॅनडाहून पाहुणे यायचे होते. त्यांना आराखडा ‘ब’ हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रांताची विधानसभा नोव्हेंबरात निर्णय घेणार होती, आणि या हॉलमधल्या बैठकीचा कागद तिच्यासमोर जाणार होता. बैठकीच्या आदल्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी सुगतने टीडेमानांना सगळं सांगितलं. फोटो दाखवले, आकडे दाखवले. टीडेमान कॉफी प्यायचं विसरले.

“हे गंभीर आहे,” ते म्हणाले. “तर मग, हे उद्या बैठकीत यायलाच हवं.”

“हो, हेर डॉक्टर,” सुगत म्हणाला, आणि त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याने साहेबांच्या कानावर घातलं होतं. आता साहेब मांडतील.

संध्याकाळी धम्मदीपा त्याला न्यायला आली, तेव्हा त्याने तिला तसंच सांगितलं. ती माझ्या काठावर टेकली होती. ती म्हणाली, “अहो, पण चाचणी तुम्ही केलीत. मग तुम्हीच बोला ना.”

“साहेबांच्या समोर? पाहुण्यांच्या देखत? त्यांच्या करारात नसलेली चाचणी आपण केली, हे मी परस्पर कसं सांगणार? ते बरं दिसत नाही, दीपा. ते प्रमुख आहेत. ते बोलतील.”

“ते बोलले नाहीत तर?”

“असं कसं होईल? त्यांनीच तर म्हटलं, यायलाच हवं.”

“आपल्या माणसांना चारचौघांत तोंड उघडता यावं म्हणून किती पिढ्या झिजल्या, आणि तुम्ही शिकूनसवरून रांगेत मागे उभे राहताय,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “माझ्या लॅबमध्ये ज्याने ट्यूब हलवली, त्यालाच उभं करतात. इथे तशीच पद्धत आहे.”

“तुझी लॅब वेगळी,” सुगत म्हणाला आणि दिवे बंद करायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाहुणे आले. प्रांताच्या वीजमंडळाचा उंच, हसतमुख मुख्य अभियंता, दोन अधिकारी आणि त्यांच्यासोबत एक म्हातारी बाई. ती त्या वळणावरच्या वस्तीची प्रतिनिधी होती. तिचं नाव एडिथ. वस्तीच्या लोकांना नदीचा नमुना दाखवू, असं वचन प्रांताने दिलं होतं, म्हणून तिला एवढ्या लांब आणलं होतं. एडिथआजी आल्या त्या थेट माझ्याजवळ आल्या. वाकून वळण पाहिलं. एका ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे माझं. स्वयंपाकघराची खिडकी नदीकडे आहे.” मला भेटायला आलेलं हे पहिलंच माणूस होतं, ज्याचा माझ्या खऱ्या बहिणीशी घरोबा होता. मला भरून आलं.

टीडेमानांनी उन्हाळी पूर सोडायला सांगितला. सुगतने पंप लावला. मी छान वाहिले, पाहुण्यांनी माना डोलावल्या. मुख्य अभियंत्याने आराखडा ‘ब’ कसा एक हंगाम वाचवतो ते सांगितलं. मग टीडेमानांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न?

एडिथआजींनी हात वर केला.

“मी धरणाच्या विरोधात नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे डिझेलवर दिवे लागतात. पोरं कामासाठी दक्षिणेला निघून जातात. आम्हांलाही वीज हवी, रस्ता हवा. मला एकच विचारायचंय. वसंतात बर्फ फुटतो, तेव्हा तो या डाव्या अंगाने जातो. लहानपणापासून बघत आलेय मी. तुम्ही ही बाजू बुजवणार. मग बर्फ कुठं जाईल?”

पंप बंद होता. टीडेमानांनी सुगतकडे पाहिलं. त्यांच्या रीतीप्रमाणे ज्याने प्रयोग केला त्याने उत्तर द्यायचं, आणि त्यांनी त्यासाठी जागा मोकळी करून दिली होती. सुगतने टीडेमानांकडे पाहिलं. त्याच्या रीतीप्रमाणे आता साहेब बोलणार होते, आणि तो अदबीने वाट पाहत होता. दोघंही भली माणसं. दोघंही एकमेकांचा मान राखत उभी होती. मी त्या दोघांच्या मध्ये पडले होते, आणि माझ्या अंगात सगळं उत्तर होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला एकदाच वाचा हवी होती. नुसतं ‘इथे’ एवढं म्हणता आलं असतं, तरी पुरलं असतं.

मुख्य अभियंत्याने घसा साफ केला. “बर्फाची काळजी करू नका,” तो म्हणाला. “आमच्या लोकांनी तो विचार केलाय. भिंतीजवळ पाणी खोल राहील, बर्फ तिथेच विरघळेल.” एडिथआजींनी एकदा टीडेमानांकडे पाहिलं, एकदा सुगतकडे. “बाकी सगळ्यांना हे पटतं?” त्यांनी विचारलं. कुणी काही म्हटलं नाही. सुगतचे ओठ हलले, ते मला दिसलं. मग त्याची नजर पुन्हा साहेबांकडे गेली आणि ओठ मिटले. एका अधिकाऱ्याने प्रोटोकोलमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, लिहिलं की प्रश्नाचं समाधान झालं. सगळ्यांनी सह्या केल्या. एडिथआजींनीही केली, फक्त त्यांची सही सर्वांत शेवटी झाली.

पाहुणे विमानतळावर गेल्यावर टीडेमान हॉलमध्ये परत आले. “मी तुमच्या सावधपणाचं कौतुक करतो,” ते सुगतला म्हणाले. “रात्रीतून पुन्हा आकडे पाहिलेत आणि शंका मिटली वाटतं. म्हणून गप्प राहिलात ना?”

सुगतचा चेहरा पांढराफटक पडला. “मी तुमची वाट पाहत होतो, हेर डॉक्टर.”

“माझी? कशासाठी? चाचणी तुमची होती!”

“तुम्ही म्हणालात, यायलाच हवं.”

“हो! म्हणून तर तुमच्याकडे पाहिलं!” टीडेमान ओरडले. इतक्या महिन्यांत त्यांना ओरडताना मी पाहिलं नव्हतं. मग ते माझ्या काठावर बसले, आणि सुगतही बसला. एकाने दुसऱ्याला दोष द्यावा, असं काही उरलंच नव्हतं. मी रागावले होते म्हणाल, तर हो, दोघांवरही रागावले होते. पण त्यांच्याकडे बघून तो राग टिकेना.

त्यांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. टीडेमानांनी त्याच आठवड्यात फोटो आणि आकडे जोडून वीजमंडळाला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. बर्फाची चाचणी करारात नव्हती, ती केलीत हे आम्हांला कळवलं नव्हतं, बैठकीत सर्व पक्षांनी समाधान व्यक्त केलं आहे, प्रोटोकोलवर तुमचीही सही आहे. टीडेमानांनी दुसरं पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. नोव्हेंबरात विधानसभेने आराखडा ‘ब’ मंजूर केला. प्रांतात टाळ्या वाजल्या म्हणे. कोळशाचं केंद्र बंद होणार, खाण उघडणार, रस्ता होणार. हे सगळं चांगलंच होतं, मित्रांनो. त्यात वाईट होती फक्त एक बुजवलेली उपधारा.

सुगतने एडिथआजींनाही पत्र लिहिलं होतं. एक दिवस दुपारी माझ्याजवळ उभं राहून त्याने ते मला वाचून दाखवलं. छान लिहिलं होतं, साधं आणि स्पष्ट. पण करारात लिहिलं होतं की प्रयोगाची कोणतीही माहिती तिसऱ्या माणसाला द्यायची नाही. त्याने परवानगी मागितली. टीडेमानांनी वकिलाला विचारलं. वकील नाही म्हणाला. धम्मदीपा म्हणाली, “टाका पेटीत, जे होईल ते होईल.” सुगतने पाकिटावर तिकीटसुद्धा लावलं. पण इथला त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी कराराला बांधलेली. पत्र बॅगेतच राहिलं. त्याला भित्रा म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही, कारण बांधून पडणं काय असतं ते मला कळतं.

काम संपल्यावर माझी गरज संपली. माणसं हातोडे आणि ड्रिल घेऊन आली आणि दोन दिवसांत माझे सत्तावीस मीटर फोडून त्यांनी ढिगारा ट्रकमध्ये भरला. हॉलमध्ये दुसऱ्या देशाचं बंदर बसवायचं होतं. कालपर्यंत माझ्या मिलिमीटरची काळजी करणारे लोक माझ्या अंगावर बूट घालून चढले. सुगतने अर्ज करून हे वळण तेवढं वाचवलं, विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून. चाकांवर बसवून त्याने मला इथे कोपऱ्यात आणलं. विद्यार्थी काही आले नाहीत. कप आले.

वर्षं गेली. सुगत बैठकांत आता सगळ्यांच्या आधी बोले. विचारलं नाही तरी बोले. इतका बोले की नवीन लोक वैतागत. टीडेमान मात्र त्याला कधी थांबवत नसत. तिकडे धरण पुरं झालं, आणि दोन हजार सातच्या शरदात त्याचे दरवाजे बंद केले. तो हिवाळा सुगतने कसा काढला, ते मी पाहिलं आहे. कॉफी घ्यायला यायचा आणि कॉफी न घेताच जायचा.

एप्रिलमध्ये एका दुपारी हॉलमधला भिंतीवरचा फोन वाजला. पंपाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तो नेहमी स्पीकरवर घेत. फोन सुगतने उचलला. टीडेमान कॉफीच्या यंत्रापाशी उभे होते.

“मी एडिथ,” आवाज आला. “तुम्ही तेच का, जे त्या दिवशी पंपाजवळ उभे होतात?”

“हो,” सुगत म्हणाला.

“मंगळवारी बर्फ आला. दुपारची वेळ होती, म्हणून माणसं वाचली. सगळ्यांना वर शाळेत नेलं. खालची अकराच्या अकरा घरं गेली. माझ्या स्वयंपाकघरात बर्फाची लादी शिरली आणि तिने शेगडी मागच्या भिंतीतून बाहेर काढली.” त्यांचा श्वास ऐकू येत होता. “आज मंडळाचे लोक आलेत. म्हणतात, असं होईल हे कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. घरं बांधून देण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दोष कुणाचाच नाही. माझी पोरं मला म्हणतात, आजी, तू त्या कागदावर सही केलीस. मी तुम्हांला भांडायला फोन केलेला नाही. मला एवढंच सांगा. खरंच कुणाला माहीत नव्हतं?”

सुगतने टीडेमानांकडे पाहिलं. सवय इतक्या लवकर जात नाही. टीडेमानांच्या हातात कप होता आणि त्यांची नजर जमिनीवर होती. करार अजून जिवंत होता. मग सुगतने नजर काढून घेतली.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

मग आजी म्हणाल्या, “तुमचे ओठ हलले होते. मी बघितलं होतं.”

“मी लिहून देतो,” सुगत म्हणाला. “मी येतो तिकडे. सगळ्यांसमोर सांगतो.”

“या,” आजी म्हणाल्या. “पण सावकाश या. आता घाई कशाची?”

फोन ठेवल्यावर तो माझ्या काठावर बसला आणि रडला. टीडेमान त्याच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी कप कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तो हातातच धरून ठेवला.

सुगत गेला, बोलला, लिहून दिलं. त्याची नोकरी जाईल की राहील, ते अजून ठरलेलं नाही. घरांचा वाद कोर्टात आहे. तो किती वर्षं चालेल, कुणाला माहीत नाही. आजी एका शाळेच्या वर्गात राहतात.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी उपदेश करतात, तसा मीही करते. तुम्ही मोठे व्हाल, नद्या अडवाल, रस्ते कराल, विजेचे दिवे लावाल. जरूर करा, लोकांना ते हवंच असतं. पण एखादी गोष्ट तुमच्या डोळ्यांना दिसली आणि कुणी विचारलं, तर दुसरा बोलेल म्हणून थांबू नका. ‘मला माहीत होतं’ हे तीन शब्द सहा वर्षांनी खरे होते, पण त्यांनी एकही घर उभं राहिलं नाही. त्या सकाळी ‘मला माहीत आहे’ एवढंच म्हटलं असतं, तर अकरा घरांत आज चूल पेटली असती. मी सिमेंटची आहे, मला गप्प बसावंच लागलं. तुम्हांला कुणी तसं घडवलेलं नाही.